भेद कोणाच्या भाषेत सांगावा?

दोन वस्तू सर्वस्वी भिन्न असल्या म्हणजे त्यांतील भेद सांगण्यास फारशी भाषा लागत नाही. डोंगर आणि नदी यांतील फरक लहान मूलही बोट दाखवून सांगू शकते. भाषेची खरी कसोटी लागते ती दोन सारख्या दिसणाऱ्या गोष्टींतला भेद सांगताना. काटकसर आणि कृपणपणा, आदर आणि भीती, नजराणा आणि लाच, क्षमा आणि दुबळेपणा या जोड्या बाहेरून पाहणाराला एकसारख्याच दिसतात; हातातून पैसा सुटत नाही एवढेच दोन्हींकडे दिसते, मान खाली झुकते एवढेच दोन्हींकडे दिसते. मनुष्याचे नैतिक जीवन बहुतांशी अशाच जोड्यांमध्ये चाललेले असते. उघड पाप आणि उघड पुण्य यांतून एक निवडण्याचा प्रसंग सामान्य गृहस्थावर क्वचितच येतो. पुण्यासारखे दिसणारे पाप ओळखण्याचा प्रसंग मात्र रोज येतो. म्हणून सारख्यांतला भेद कसा आणि कोणत्या शब्दांत सांगावा हा प्रश्न प्रथमदर्शनी व्याकरणाचा वाटला, तरी वस्तुतः तो नीतीचा आहे.

आपल्या सुशिक्षित कुटुंबांतून असा भेद सांगण्याची वेळ आली, म्हणजे बोलणारा मराठी वाक्याच्या मध्यावर क्षणभर थांबतो आणि इंग्रजीचा आश्रय घेतो. ‘हा डिफरन्स ऑफ डिग्री आहे, काइंडचा नव्हे’. ‘स्ट्रिक्टली स्पीकिंग याला लाच म्हणता येणार नाही’. ‘ते दोघे भाऊ म्हणजे अगदी चॉक अँड चीज’. ‘तुम्ही उगाच हेअर स्प्लिटिंग करता आहात’. वाक्याचा सांगाडा मराठी, क्रियापद मराठी, संबोधन मराठी; परंतु ज्या ठिकाणी दोन गोष्टी एकमेकींपासून सुट्या होतात तो सांधा तेवढा इंग्रजी. ही सवय आता दोन-चार माणसांची राहिलेली नाही. तिचे कारण काय, आणि तिच्यापासून लाभ किती व हानी किती, याचा विचार या लेखात करण्याचे आम्ही योजिले आहे.

प्रारंभीच एक आक्षेप बाजूस सारला पाहिजे. परका शब्द आला म्हणजे भाषा बाटली, असे मानणारा एक पक्ष आपल्याकडे पूर्वीपासून आहे. त्या पक्षाच्या स्वाभिमानाबद्दल आम्हांस आदर आहे. पण प्रस्तुत विषयात त्याचा फारसा उपयोग नाही. कारण भेद दाखविण्यासाठी आपण रोज जे शब्द वापरतो, त्यांतील ‘फरक’ आणि ‘तफावत’ हे दोन्ही मूळचे अरबी असून फारसीच्या वाटेने मराठीत आले आहेत. शिवकाळात रघुनाथपंतांनी राज्यव्यवहारकोश रचून फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले, तरी हे दोन शब्द मराठीतून गेले नाहीत. ते गेले नाहीत याचे कारण ते येथे येऊन कामाला लागले. ‘भेद’ आणि ‘अंतर’ हे संस्कृत शब्द घरात असताना या दोघांनी आपापली निराळी जागा मिळविली. दुखणेकऱ्याच्या प्रकृतीत ‘फरक’ पडतो, ‘भेद’ पडत नाही. जमाखर्चात ‘तफावत’ निघते, ‘अंतर’ निघत नाही. आश्रिताला ‘अंतर’ देतात, त्याला तफावत देत नाहीत. आणि गुप्त गोष्टीचा जो फोडतात तो ‘भेद’. फरक फोडण्याची सोय मराठीत नाही. चार सारख्या शब्दांत चार निराळी कामे वाटली गेली, त्यांतले दोन शब्द परके होते, आणि त्यामुळे मराठीचे काही बिघडले नाही. उलट ती अधिक रेखीव झाली. तेव्हा शब्द परका आहे एवढ्याच कारणासाठी त्यास दोष देता येत नाही. तो येथे येऊन कोणते काम करतो, हेच पाहिले पाहिजे.

दुसऱ्या बाजूस याच्या उलट एक समज आहे, आणि तो अधिक रूढ आहे. मराठी ही भावनेची भाषा, इंग्रजी ही विचाराची. सूक्ष्म भेद मराठीत मांडताच येत नाहीत, असे पुष्कळ शिकलेले लोक प्रामाणिकपणे मानतात. हा समज ज्ञानापेक्षा विस्मरणावर अधिक उभा आहे. अन्नंभट्टांचा ‘तर्कसंग्रह’ आणि त्यावरील त्यांचीच ‘दीपिका’ ही एके काळी आपल्या पाठशाळांतून मुलांच्या हाती देत असत. एखाद्या वस्तूचे लक्षण कसे करावे हे तेथे गाईच्या दृष्टान्ताने शिकविले आहे. गाय म्हणजे कपिल वर्णाची, असे म्हटले तर पांढरी गाय बाहेर राहते, ही अव्याप्ती. गाय म्हणजे शिंगे असलेली, असे म्हटले तर म्हैसही आत येते, ही अतिव्याप्ती. गाय म्हणजे एका अखंड खुराची, असे म्हटले तर एकही गाय सापडत नाही, हा असंभव. गळ्याखाली लोंबणारी कातड्याची पोळी हे तिचे लक्षण, कारण ते सर्व गाईंत आहे आणि गाईंवाचून इतरांत नाही. या ग्रंथाची यशवंत वासुदेव आठल्ये व महादेव राजाराम बोडस यांची आवृत्ती मुंबईस 1897 साली निघाली, आणि पाश्चात्त्य तर्कशास्त्राशी त्याची तुलना करण्याची सोय तेव्हापासून झाली. विद्यारण्यांच्या नावावर असलेल्या ‘पंचदशी’त भेदाचेच तीन प्रकार पाडले आहेत. झाडाचा त्याच्याच पाना-फुला-फळांशी असलेला तो स्वगत भेद, दुसऱ्या झाडाशी असलेला तो सजातीय, आणि दगडाशी असलेला तो विजातीय. ‘काइंड’चा आणि ‘डिग्री’चा भेद ज्यांस इंग्रजीवाचून सांगता येत नाही, त्यांनी हे प्रकार एकदा आठवून पाहावेत. ‘डिग्री’साठी तर आपल्याजवळ त्याहूनही सुंदर शब्द आहे. संस्कृतात तुलना दाखविणारे ‘तर’ आणि ‘तम’ हे जे प्रत्यय, त्यांपासून ‘तारतम्य’ हा शब्द झाला; म्हणजे कमी-अधिकपणाची पायरी. मराठीने त्याच शब्दाला पुढे एक सद्गुण बनविले. ‘त्याला तारतम्य नाही’ असे आपण म्हणतो तेव्हा कोणती गोष्ट किती महत्त्वाची हे त्या मनुष्यास कळत नाही, असा आपला अभिप्राय असतो. पायऱ्यांचा भेद न ओळखणे हा स्वभावाचा दोष होय, हे मराठी भाषेने एका शब्दात सांगून ठेविले आहे.

शास्त्रे राहू द्या; स्वयंपाकघरातली भाषाही या बाबतीत दरिद्री नाही. उरलेल्या अन्नाला इंग्रजीत एकच नाव पुरते. मराठी घरात जे कोणाच्या तोंडी लागले ते उष्टे, शिजल्या अन्नाचा लेप ज्या भांड्याला राहिला ते खरकटे, आणि ज्यावरून रात्र गेली ते शिळे. एकाचा निकष तोंड, दुसऱ्याचा लेप, तिसऱ्याचा काळ. इंग्रजीतील ‘वुई’ या शब्दात ऐकणारा आहे की नाही हे त्या शब्दावरून कळत नाही. मराठीत ‘आम्ही जेवायला जातो’ म्हटले तर समोरचा उपाशी राहिला. ‘आपण जेवायला जाऊ’ म्हटले तर त्याचेही पान मांडले गेले. हा भेद इंग्रजीत सांगावयाचा तर तेथे जास्तीचे शब्द जोडावे लागतात.

तथापि प्रत्येक भाषेची सूक्ष्मता तिच्या लोकांनी जेथे आयुष्य घालविले तेथे वाढते, आणि जेथे ते गेले नाहीत तेथे ती वाढत नाही, हेही कबूल केले पाहिजे. आज-उद्या पाऊस पडेल की नाही, हे सांगणारे आपले ‘हवामान खाते’. आणि पृथ्वीची शतकानुशतकांची ठेवण पालटते आहे त्यालाही ‘हवामान बदल’. इंग्रजीत पहिल्यास ‘वेदर’ आणि दुसऱ्यास ‘क्लायमेट’ म्हणतात. एखादा पौष महिना कडक थंडीचा गेला म्हणून पृथ्वी तापत असल्याची गोष्ट खोटी ठरत नाही, हे समजण्यास हा भेद अवश्य आहे, आणि नित्याच्या मराठीत तो पुसट आहे. तसेच ‘जंतू’ या एका शब्दात आपण ‘बॅक्टेरिया’ आणि ‘व्हायरस’ दोन्ही कोंबीत होतो. प्रतिजैविक औषध पहिल्यावर चालते, दुसऱ्यावर चालत नाही. म्हणून साध्या सर्दी-पडशात ते औषध घेणे व्यर्थ आहे, हे ज्या घरात जिवाणू आणि विषाणू यांचा भेद पोहोचला तेथेच समजते. अशा ठिकाणी इंग्रजीने आम्हांस खरी दृष्टी दिली आणि ती घेण्यात कमीपणा नाही. उसने डोळे घेऊन दिसणारी वस्तू खरी असेल तर ते घेणे हेच शहाणपण.

येथवर लाभाचा विचार झाला. आता हानीचा.

भेद दाखविणारे जे वाक्प्रचार इंग्रजीत आहेत, त्यांच्या मुळाशी बहुधा एखादे चित्र असते. ‘चॉक अँड चीज’ याचाच दाखला घ्या. आपण तो परस्परांशी काडीचेही साम्य नसलेल्या दोन गोष्टींबद्दल वापरतो. परंतु चौदाव्या शतकाच्या अखेरीस जॉन गॉवर या कवीने आपल्या ‘कन्फेसिओ अमान्टिस’ या काव्यात ही जोडी योजिली आहे ती चीज म्हणून खडू खपविणाऱ्यांच्या संदर्भात. दोन्ही पांढरी, दोन्ही ठिसूळ. म्हणूनच फसवणूक शक्य. म्हणजे या जोडीत साम्याचा आणि भेदाचा दोन्हींचा साक्षात अनुभव होता. ज्याच्या घरी पांढरे ठिसूळ चीज कधी आलेच नाही, त्याच्या तोंडी हा वाक्प्रचार गेला म्हणजे चित्र गळून पडते आणि केवळ निकाल शिल्लक राहतो. ‘ट्वीडलडम आणि ट्वीडलडी’ ही नावे 1871 च्या लुइस कॅरोल यांच्या पुस्तकामुळे पुष्कळांच्या परिचयाची आहेत. पण ती त्यापूर्वी सुमारे दीडशे वर्षे, 1725 च्या सुमारास, जॉन बायरम यांनी लंडनमधील हँडेल आणि बोनोनचिनी या दोन संगीतकारांच्या पक्षांमधील भांडणाची थट्टा करताना वापरली. दोन्ही नावे फिडलच्या आवाजाची नक्कल आहेत. संगीत जाणणारास मात्र हँडेल आणि बोनोनचिनी एक नव्हेत. भेद ऐकू न येणाऱ्या कानाला सर्वच आवाज सारखे. ही सर्व कथा ठाऊक नसता ‘ते दोघेही ट्वीडलडम-ट्वीडलडी’ असे म्हणून आपण दोन माणसांना एका माळेत ओवतो, तेव्हा आपण त्यांना पारखलेले नसते; पारखल्याची मुद्रा मात्र धारण केलेली असते.

याच्याशी आपल्याकडील कावळा-कोकिळेचा दृष्टान्त ताडून पाहावा. दोघेही काळे, रंगावरून ओळख पटत नाही, वसंत ऋतू आला आणि कंठ फुटला म्हणजे कोण कोण ते कळते. येथे भेद आहे एवढेच सांगितलेले नाही, तो कशावरून कळतो आणि केव्हा कळतो हेही सांगितले आहे. जी भाषा आपली असते तिच्यातील वाक्प्रचार भेदाचा पुरावा बरोबर घेऊन येतो. उसनी भाषा पुष्कळदा पुरावा मागे ठेवून केवळ हुकूमनामा आणते. ऐकणारा दबतो तो त्या हुकूमनाम्याला. इंग्रजी वाक्प्रचाराने वाद मिटतो असे जे आपल्या घरांतून दिसते, त्याचे कारण तो पटतो हे नसून, त्याला उलट विचारण्याचे धैर्य होत नाही हे आहे.

आता याहून गंभीर प्रकाराकडे वळू. भेद दाखविण्याच्या निमित्ताने भेद बुजविता येतो, आणि नसलेला भेद उभाही करता येतो. लग्नाच्या बैठकीचेच उदाहरण घ्या. मराठीत हुंडा, वरदक्षिणा, मानपान, करणी, आहेर असे कितीतरी शब्द आहेत, आणि प्रत्येकाचा अर्थ बैठकीतल्या म्हाताऱ्या आत्याबाईंपासून दाराशी उभ्या असलेल्या धाकट्या मुलीपर्यंत सर्वांस कळतो. ‘आम्हांस हुंडा नको’ असे वरपक्ष म्हणतो आणि लागलीच ‘मुलीला तुम्ही जे प्रेझेंट द्याल तो तुमचा प्रश्न, दॅट इज डिफरन्ट’ असे जोडतो. या एका वाक्यापाशी येऊन सर्व मराठी शब्द मुके होतात. ‘प्रेझेंट’ या शब्दास कोणाचा इतिहास नाही, कोणाचे अश्रू त्याला चिकटलेले नाहीत, म्हणून तो स्वच्छ वाटतो. कायद्यालाही या भेदाने चकविले होते, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. 1961 च्या हुंडाबंदी कायद्यात लग्नाचा मोबदला म्हणून दिलेली मालमत्ता ती हुंडा, अशी व्याख्या होती. आणि लग्नाच्या वेळी दिलेली रोकड, दागिने, कपडे इत्यादी भेटवस्तू अशा मोबदल्यादाखल दिल्या नसतील तर त्या हुंडा समजू नयेत, असे स्पष्टीकरण खाली जोडले होते. ही वस्तू मोबदला आहे, भेट नव्हे, हे सिद्ध कोणी करावयाचे आणि कसे? 1984 च्या दुरुस्तीने ते स्पष्टीकरण गाळले आणि ‘मोबदला म्हणून’ या शब्दांच्या जागी ‘लग्नाच्या संबंधात’ असे शब्द घातले. तेवीस वर्षे दोन इंग्रजी वाक्यखंडांच्या फटीतून किती काय निसटले असेल, याचा हिशेब कोणाजवळ नाही. हा भेद तत्त्वतः खोटा होता असे नाही. प्रेमाने दिलेली भेट आणि मागणीपोटी दिलेली रक्कम या खरोखरच निराळ्या गोष्टी आहेत. पण ज्या बापाच्या गळ्याशी तो भेद येतो, त्याला तो आपल्या शब्दांत उच्चारता येत नव्हता, आणि ज्यांना उच्चारता येत होता त्यांचा लाभ तो धूसर ठेवण्यात होता.

इंग्रजी ज्यांची मातृभाषा त्यांच्यांतही हे घडलेले आहे; म्हणून हा दोष केवळ परभाषेचा असे आम्ही म्हणत नाही. अमेरिकेत 1896 साली प्लेसी विरुद्ध फर्ग्युसन या खटल्यात तेथील सर्वोच्च न्यायालयाने गोऱ्यांचे आणि काळ्यांचे आगगाडीचे डबे वेगळे ठेवणारा लुइझियाना राज्याचा कायदा वैध ठरविला, आणि ‘सेपरेट बट ईक्वल’ हे सूत्र रूढ झाले. वेगळे म्हणजे हीन नव्हे, असा त्याचा बाह्य अर्थ. तर्कदृष्ट्या या वाक्यात चूक काढता येत नाही. वेगळेपण आणि हीनपण हे दोन निराळे धर्म आहेतच. परंतु ते सूत्र ज्याला त्या डब्यातून हुसकले त्याच्या समोर उभे राहून त्याच्याकडून पटवून घेतलेले नव्हते; हुसकणाऱ्यांनी आपसांत पटवून घेतलेले होते. ते शिक्षणाच्या क्षेत्रातून रद्द होण्यास 1954 साल उजाडावे लागले.

याउलट एक उदाहरण आपल्याच देशातले आहे, आणि या लेखाचा सारा आशय आमच्या मते त्यात साठविलेला आहे. लाहोरच्या जात-पात तोडक मंडळासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1936 साली एक भाषण इंग्रजीत लिहिले. मंडळाने ती सभा रद्द केली, तेव्हा त्यांनी ते स्वतःच छापून प्रसिद्ध केले. जातिव्यवस्था ही केवळ श्रमाची विभागणी आहे, आणि श्रमविभागणी तर प्रत्येक सुधारलेल्या समाजास लागतेच, असा युक्तिवाद त्या काळी सुशिक्षितांत प्रचलित होता. त्यावर त्यांनी दाखवून दिले की ही नुसती ‘डिव्हिजन ऑफ लेबर’ नव्हे, ‘डिव्हिजन ऑफ लेबरर्स’ही आहे. दोन इंग्रजी पदसमूहांत अक्षरांचा फरक अत्यल्प, अर्थाचा मात्र प्रचंड. आता हा भेद मराठीत उतरवा: कामांची वाटणी वेगळी आणि काम करणाऱ्या माणसांची वाटणी वेगळी. त्याचे तेज रतिभरही कमी होत नाही. जो मनुष्य कधी शाळेत गेला नाही, पण ज्याच्या वाट्याला जन्मतःच झाडू आला, त्याला हा भेद ऐकताक्षणी कळतो. किंबहुना पंडितापेक्षा त्याला आधी कळतो. कारण तो भेद त्याच्या आयुष्यातूनच उचललेला आहे. इंग्रजी हे येथे केवळ वाहन होते. माल सगळा येथला आणि ज्याचा त्याला परत मिळणारा होता.

या तीन उदाहरणांवरून आम्हांस एक कसोटी सुचते. भेदाचा भार ज्याच्यावर पडतो, त्याला समजेल अशा भाषेत, त्याच्या समोर, तो भेद सांगता येतो काय? येत असेल तर मूळ शब्द इंग्रजी होता की अरबी होता की संस्कृत होता याची चौकशी करण्याचे कारण नाही. येत नसेल, किंवा सांगण्याची आपणांस लाज वाटत असेल, तर तो भेद आपण वस्तूंमध्ये पाहिलेला नसून आपल्या सोयीसाठी मांडलेला आहे असा संशय धरावा. घरातील मोलकरणीला ‘तुझी ही अ‍ॅब्सेंट धरली नाही, अनपेड लीव्ह धरली’ असे म्हणणारा मालक तिला काय सांगतो? पैसे कापले, एवढेच तिला कळते. आणि खरे पाहता तेवढेच घडलेले असते.

यावर काही आक्षेप येतील. पहिला असा की, धूर्त मनुष्य मराठीतही फसवितो. ‘हुंडा नव्हे, वरदक्षिणा’ हे काय इंग्रजी आहे? हा आक्षेप रास्त आहे. लोकांच्या भाषेत सांगितलेला प्रत्येक भेद खरा असतो असे आम्ही म्हणत नाही. तर्कशास्त्रात आवश्यक अट आणि पुरेशी अट असे दोन प्रकार मानतात. बी उगवण्यास पाणी आवश्यक आहे, पण पाणी दिले म्हणजे बी उगवेलच असे नाही. समोरच्याच्या भाषेत सांगता येणे ही खऱ्या भेदाची आवश्यक अट आहे, पुरेशी नव्हे. मात्र एवढे खरे की, ‘वरदक्षिणा’ या शब्दाने केलेली फसवणूक वधूच्या आईला ओळखता येते आणि ती त्यावर बोलू शकते. परक्या शब्दातील फसवणुकीविरुद्ध बोलण्यासाठी तिला प्रथम शाळेत जावे लागते.

दुसरा आक्षेप शास्त्रज्ञांचा. वैद्यक, विधी, भौतिकी यांतील शेकडो भेद प्रत्येकाच्या भाषेत कसे सांगावेत? त्यास उत्तर असे की, शास्त्रज्ञांनी आपसांत बोलताना जी परिभाषा सोयीची ती वापरावी. तेथे दोघेही तिचे जाणकार असतात. प्रश्न उद्भवतो तो तिसरा मनुष्य आला म्हणजे, आणि निर्णयाचे ओझे त्याच्यावर असते तेव्हा.

तिसरा आक्षेप सर्वांत हळवा आहे, म्हणून त्याचा थोडा विस्ताराने विचार करतो. घरातील वडील मनुष्य असाध्य दुखण्याने अंथरुणाला खिळले आहे. डॉक्टर खोलीबाहेर मुलांना सांगतात, ‘आता ट्रीटमेंट पॅलिएटिव्ह आहे, क्युरेटिव्ह नाही.’ मुलगा खोलीत जाऊन आईला सांगतो, ‘औषध चालू आहे, डॉक्टर म्हणतात ट्रीटमेंट चांगली चालली आहे.’ मुलाच्या मनात कपट नाही, माया आहे. इंग्रजी शब्दाने तेथे ढालीचे काम केले. अशा वेळी आमची कसोटी कठोर नव्हे काय? आमचे म्हणणे असे की, येथे दोन दया एकमेकींसारख्या दिसतात आणि त्यांतला भेद पाहिला पाहिजे. रोग्याच्या मनाला धक्का बसू नये ही एक दया; आपणांस ते सांगण्याचे दुःख सोसावे लागू नये ही दुसरी, आणि ती दया आपल्यावरच केलेली असते. आपल्या भाषेजवळ या प्रसंगासाठी शब्द नाहीत असे नाही. ‘गुण येणे’, ‘उतार पडणे’, ‘आराम वाटणे’, ‘बरे होणे’ हे चार निराळे टप्पे मराठी माणसे पिढ्यान्‌पिढ्या जाणत आली आहेत. ‘आई, या औषधाने उतार पडेल, कळा कमी होतील, झोप लागेल, पण दुखणे समूळ जाईल असे डॉक्टर म्हणत नाहीत’ हे वाक्य उच्चारण्यास जड आहे, समजण्यास नाही. पुष्कळदा ते ऐकणाराने आधीच ओळखलेले असते. कोणाला भेटावयाचे, कोणाला काय द्यावयाचे, कोठे शेवटचे जावयाचे, हे ठरविण्याचा अधिकार ज्याचे आयुष्य त्याचा आहे. एखाद्या रोग्यास हे ऐकावयाचेच नसेल तर त्याच्या इच्छेस मान द्यावा. परंतु ते त्याने ठरवावे, आपल्या अडखळणाऱ्या जिभेने ठरवू नये.

भेद या शब्दालाच मराठीत दोन बाजू आहेत, हे येथे सांगितले पाहिजे. भेद जाणणे हा विवेक, आणि भेद पाळणे हा भेदभाव. शेक्सपिअरच्या ‘किंग लिअर’ नाटकात केंट हा राजनिष्ठ सरदार एका उद्दाम सेवकाला ढकलून देताना त्याला भेद शिकविण्याची धमकी देतो. तेथे भेद म्हणजे दर्जा, पायरी. विसाव्या शतकातील तत्त्वज्ञ लुडविग विट्‌गेन्श्टाइन यांना तेच शब्द आपल्या ग्रंथाच्या शिरोभागी घालावेत असे एकदा वाटले होते. त्यांच्या मनात मात्र भेद म्हणजे एकसारख्या भासणाऱ्या गोष्टींतले वेगळेपण. तो ग्रंथ त्यांच्या मृत्यूनंतर 1953 साली प्रसिद्ध झाला. एकाच शब्दात दरडावणीही आहे आणि ज्ञानही. ज्या घरात उष्टे, खरकटे आणि शिळे यांचा इतका बारीक विचार झाला, त्याच घराच्या उंबरठ्यावर स्पर्शाचा आणि विटाळाचाही तितकाच बारीक विचार होत असे. म्हणून सूक्ष्मता ही स्वतः सद्गुण नव्हे. ती कोणाच्या कामी येते यावर तिचे मोल ठरते.

इंग्रजी वाक्प्रचारांबद्दलही आम्हांस हेच म्हणावयाचे आहे. ते वापरू नयेत, अशी आमची सूचना नाही. आपली मुले इंग्रजीत शिकतात, आपण इंग्रजीत वाचतो, आणि तिने दाखविलेले कित्येक भेद मोलाचे आहेत. एवढेच करावे की, बोलताबोलता सांध्याच्या जागी इंग्रजी शब्द आला, तर पुढच्या श्वासाला तोच भेद मराठीत पुन्हा एकदा सांगून पाहावा, आणि शक्य तर घरातील ज्या माणसाला इंग्रजी येत नाही त्याच्याकडे पाहून सांगावा. पुष्कळदा असे आढळेल की तो सांगता येतो, आणि सांगताना आपणांसच अधिक स्पष्ट होतो. कधी असे आढळेल की योग्य शब्द नाही. मग दोन वाक्ये जास्त खर्चावीत, दृष्टान्त शोधावा, आणि त्यातूनच एखादे दिवशी शब्द तयार होईल. आणि कधी असेही आढळेल की मराठीत सांगावयास गेल्यावर सांगण्यासारखे काही उरतच नाही, किंवा जे उरते ते त्या माणसाच्या तोंडावर बोलवत नाही. अशा वेळी दोष मराठीचा समजू नये. ‘आपण’ म्हणण्याच्या जागी आपण ‘आम्ही’ म्हणत होतो, आणि समोरच्याला बाहेर ठेवून भेद ठरवीत होतो, असे समजावे.